हळद लागलेला मीटर

“वहिनी, एकच लक्षात ठेवा. ही खालची तीन भोकं आहेत ना, यांच्यात पाणी, धूळ, काही म्हणजे काही जाऊ देऊ नका. बाकी हा हातातून पडला तरी उठून बसेल.”

मला विकताना जळगावच्या दुकानदाराने मेघाला एवढीच ताकीद दिली होती. मेघा त्या वेळी कडेवरच्या भूमिकाच्या तोंडातून काउंटरवरच्या वायरचं टोक ओढून काढत होती. “हो हो, कळलं,” ती म्हणाली आणि मला पिशवीत टाकून रिक्षाकडे वळली.

मित्रांनो, मी त्या पिशवीतला मल्टिमीटर. आता जुना झालो. अंग पिवळं, मधोमध फिरवायचा गोल खटका, वर आकड्यांची काच, खाली तीन भोकं आणि त्यांत बसणाऱ्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. वीज डोळ्यांना दिसत नाही. ती आहे का, किती आहे, वाटेत कुठे अडली आहे, हे सांगणं माझं काम. म्हणजे होतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवली, मी ‘टीं’ केलं आणि तिने मला खोक्यात घातलं. तो माझा पहिला आवाज. टोकाला टोक लावलं की मी वाजायला हवा, हीच माझी परीक्षा. पुढे पुष्कळ दिवस मी दुकानाच्या फळीवर पडून होतो.

मेघाने मला निवडलं ते उगीच नाही. तिचा नवरा हितेंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार होता. राहायला ते जळगावात, पिंप्राळ्यात. रोज मोटरसायकलने जायचं आणि यायचं. ती मोटरसायकल मधेच मरायची. एकदा ड्यूटी सुटल्यावर केंद्राच्या गेटसमोर, एकदा भुसावळच्या पुलावर, एकदा तर भूमिकाला डॉक्टरकडे नेताना. गॅरेजवाला एका खेपेला बॅटरी म्हणायचा, दुसऱ्या खेपेला प्लग, तिसऱ्या खेपेला नुसती मान हलवायचा. मेघा बी.एस्सी. झालेली. तिला अंदाजाने चाललेलं काही सोसत नसे. “निदान मोजू तरी,” ती म्हणाली होती, “म्हणजे कशाला घाबरायचं ते तरी कळेल.”

दुकानदाराने तिला आधी काट्याचा मीटर दाखवला. गाडी चालू असताना काटा थरथरतो, वाचता येत नाही, म्हणून तो तिने बाजूला सारला. मग चिमट्यासारखा एक दाखवला. “हा घरच्या लाइटला चांगला,” तो म्हणाला, “पण बॅटरीचा करंट या साध्या चिमट्याला सापडत नाही.” मग त्याने मला काढलं. वीस व्होल्टपर्यंत मोजण्याची सोय, तार सलग असली की वाजणारी शिटी, मोठ्या करंटसाठी दहा अँपिअरचं वेगळं भोक, आकड्यांमागे उजेड. “मोटरसायकलला याच्यावर काही लागत नाही. महागातला घ्याल तर निम्मे खटके फिरवणारच नाही तुम्ही.”

“याने शॉक बसतो का? घरात लहान मूल आहे,” मेघाने विचारलं.

“बारा व्होल्टचा कसला शॉक, वहिनी. फक्त लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात विसरली आणि तशीच बॅटरीला लावली, तर ठिणगी उडेल. आणि घरच्या बोर्डात याला घालू नका. हा गाडीसाठीच.”

हे सगळं तिने नीट ऐकलं. पुढे दोन वर्षं पाळलंही. भोकांचं तेवढं राहिलं.

पिंप्राळ्याच्या त्या घरात माझे चांगले दिवस गेले. दर रविवारी सकाळी हितेंद्र गाडी अंगणात घेई, सीट काढी आणि मला टाकीवर ठेवी. त्याने टोकं लावायची आणि मेघाने पायरीवर बसून आकडा वाचायचा. पहिल्याच रविवारी आम्ही चोर पकडला. गाडी बंद असताना बॅटरीवर मी बारा पूर्णांक सहा दाखवले. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग गाडी चालू करून हितेंद्रने रेस वाढवली. आकडा चौदाच्या आसपास जायला हवा होता, कारण गाडी चालताना बॅटरी भरत असते. तो वर जाईना. उलट बारा पूर्णांक दोनवर उतरला.

“म्हणजे बॅटरी उपाशी आहे,” मेघा म्हणाली. “खाऊ घालणाराच काम करत नाही.”

ते वायरी धरत धरत सीटखालच्या जोडापर्यंत गेले. तिथली एक पिन जळून काळी पडली होती. हितेंद्रने ती घासली, घट्ट केली, पुन्हा रेस दिली. मी चौदा पूर्णांक दोन दाखवले. मेघाने मला आपल्या ओढणीने पुसलं. गॅरेजवाल्याला तीन खेपांत जे सापडलं नव्हतं ते मी चहा निवायच्या आत दाखवलं होतं.

समोरच्या दिपमाला वहिनी कुंपणावरून बघत असायच्या. “काय डॉक्टरीणबाई, आज गाडीचं बीपी किती?”

“नॉर्मल आहे,” मेघा म्हणायची. “तुमच्या स्कूटरला पण आणा तपासायला.”

“नको बाई. तपासलं की रोग निघतो.”

रविवारच्या तपासणीत शेवटचा नंबर मागच्या दिव्याचा. दिव्याला वीज नेणारी एक तार असते आणि ती परत आणणारी एक काळी तार असते. काळी सैल झाली की दिवा मनाला येईल तसा लागतो. हितेंद्र माझं एक टोक त्या काळ्या तारेला आणि दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकाला लावी, आणि तार हाताने हलवत राही. मी सलग वाजत राहिलो तर ठीक. शिटी मधे तुटली तर सांधा सैल. मेघाला या दिव्याची फार धास्ती. हिवाळ्यात पहिल्या पाळीला हितेंद्र अंधारातच निघायचा. नशिराबादच्या पुढे धुकं असतं, आणि मागून केळीच्या गाड्या येतात. पुढचं आपल्याला दिसतं, मागचं दुसऱ्याला दिसावं लागतं, असं ती म्हणायची.

घरात हितेंद्रची आईही असे. शेवंताबाई. त्या मूळ बोदवडच्या. हितेंद्रचे वडील, आबा, तिकडे केळीची बाग सांभाळत आणि शेवंताबाई नातीसाठी इकडे राहत. भूमिका त्यांना आजी म्हणे, म्हणून मीही शेवंताआजी म्हणतो. त्यांना माझं कौतुक होतं. माझी शिटी वाजली की स्वयंपाकघरातून विचारायच्या, “बोललं का तुमचं यंत्र? काय म्हनते?”

“बरंय म्हणतं, आई.”

“मग द्या त्याले बी चहा.”

आणि मग खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं पुजतात. हितेंद्रने मोटरसायकल धुतली, तिला झेंडूची माळ घातली. ओसरीवर पाट मांडला. पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, मेघाची शिवणाची कात्री, आबांनी बोदवडहून पाठवलेला विळा. शेवंताआजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “अन् ते बोलकं यंत्र कोठी आहे? ज्याच्यानं पोरगं घरी सुखरूप येते, त्याले पहिले हयद-कुकू.” हळदीला त्या हयद म्हणत.

माझ्या वायरी काढून मला पाटाच्या मधोमध ठेवलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. मीटरला कोण पुजतं? पण शेवंताआजी माझ्यासमोर बोट धरून थबकल्या.

“हितू, याचं कपाय कोठी?”

हितेंद्र हसला. “वरती डोळे, मधे नाक. खाली तीन भोकं, ते तोंड समज.”

“मग तोंड गोड करू याचं.” त्यांनी हळदीत पाणी कालवलं, कुंकू कालवलं आणि अंगठ्याने माझ्या तिन्ही भोकांवर एकेक टिळा दाबला. नातवंडाच्या तोंडात घास भरवावा तसा. वरून पळीभर पाणी फिरवलं. ओला थंड लगदा माझ्या घशात उतरताना मला कळला.

मेघा पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात भूमिका समईच्या ज्योतीकडे हात नेत होती, म्हणून ती तिकडे धावली. परत आली तेव्हा आरती सुरू झाली होती. सणाच्या दिवशी, आरती चालू असताना, सासूला कुठे टोकायचं? तिने हात जोडले.

आणि पूजेचं हळद-कुंकू कोणी पुसत नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जावं, अशी रीत. हितेंद्रने दुसऱ्या दिवशी माझी काच पुसली, टिळे राहू दिले. भोकांत हळद वाळली. माझं अंगच पिवळं. कुंकू लाल, तर एका भोकाची कडही लालच. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नाही.

पुढच्या रविवारी हितेंद्रने पिना घातल्या. त्या हळदीच्या खपलीत बसल्या, धातूला पोचल्याच नाहीत. अर्धीमुर्धी वीज कशीबशी आत येत होती. बॅटरीवर मी अकरा पूर्णांक एक दाखवले.

“बॅटरी उतरली,” हितेंद्र म्हणाला. चांगली बॅटरी काढून टाकली, नवी आणली. तिच्यावर मी अकरा पूर्णांक चार दाखवले, मग दहा, मग काहीच नाही. मी ओरडून सांगणार होतो की दोष तिच्यात नाही, माझ्या घशात आहे. पण माझा आवाज त्याच भोकांतून यायचा.

गॅरेजवाल्याने मला हातात घेतलं. टोकाला टोक लावलं. मी वाजलो नाही. त्याने मला हितेंद्रच्या हातात परत दिलं. “दादा, मीटर गेला तुमचा. खोटं बोलतोय. याच्या नादानं चांगली बॅटरी घालवली ना?” दोन वर्षं मी त्याच्या चुका दाखवल्या होत्या. त्या दिवशी तो मनापासून हसला. माझ्या भोकात मात्र त्याने डोकावून पाहिलं नाही.

मेघा म्हणाली, “दुसरा घेऊ या.”

“घेऊ,” हितेंद्र म्हणाला. “दिवाळी होऊ दे.”

मला कपाटाच्या वरच्या फळीवर भूमिकाच्या जुन्या दुधाच्या बाटल्यांमागे ठेवलं. दिवाळी झाली. भूमिकाला ताप आला, मग मेघाच्या शिकवणीच्या मुलांच्या परीक्षा आल्या, मग हितेंद्रच्या पाळ्या बदलल्या. माणसांच्या घरात दुसरा मीटर असाच राहून जातो.

फळीवरून मला दिसत काही नसे, ऐकू येई. सकाळच्या अंधारात हितेंद्र गाडी काढायचा. मग ‘थप’ असा आवाज. मागच्या दिव्यावर तो तळहाताने थाप मारायचा.

“लाइट लागतो ना?” मेघा दारातून विचारायची. रोज विचारायची.

“थाप मारली की लागतो.”

“थाप कशाला मारावी लागते?”

“अगं, सगळ्यांच्याच मारावी लागते. गावात बघ.”

ते खरं होतं. खानदेशात निम्म्या गाड्यांचे मागचे दिवे थापेवर जगतात. अंगणात उभ्या गाडीचा दिवा थाप मारली की लागतो, आणि घरच्यांना वाटतं की लागला. रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात तो जातो, तेव्हा पाहायला घरचं कोणी नसतं. मला त्या थापेवरून कळत होतं. काळी तार सैल झाली आहे. एक माणूस, एक रविवार, दोन टोकं आणि माझी शिटी, एवढंच पुरलं असतं. मी बाटल्यांमागे पडून होतो आणि रोज सकाळी ती थाप ऐकत होतो.

पौषातल्या एका सकाळी थाप वाजली, गाडी गेली, आणि थोड्या वेळाने फोन वाजला.

नशिराबादच्या पुढे धुक्यात एका केळीच्या गाडीने हितेंद्रला मागून धडक दिली होती. चालक पळून गेला नव्हता. त्यानेच हितेंद्रला उचलून दवाखान्यात नेलं होतं. पोलिसांना तो रडत रडत एकच सांगत होता, पुढे गाडी आहे हे दिसलंच नाही, मागे दिवा नव्हता.

मेघा फोनवर म्हणाली, “दिवा होता. मी पाहिला होता. जाताना लागलेला होता.” तिने हे वाक्य त्या दिवशी किती जणांना सांगितलं, मला सांगता येणार नाही.

हितेंद्र वाचला. पण पाठीचा कणा दुखावला. घरी आणला तेव्हा चौघांनी उचलून आणला, आणि तो पलंगावर ठेवला तिथेच आहे.

त्यानंतर धुळ्याहून मेघाचा भाऊ स्वप्नील भेटायला आला. तो मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, सारखा बडबडतो, आणि घरात रडारड असली की त्याला काहीतरी विनोद केल्याशिवाय राहवत नाही. चालक खरं बोलतो का ते पाहावं, म्हणून त्याने अंगणातली वाकलेली गाडी तपासायला घेतली. “दाजींचा मीटर होता ना? कुठंय?”

“बिघडलाय,” मेघा म्हणाली.

“बिघडलाय तर उघडू.” त्याने मला बाटल्यांमागून काढलं आणि हितेंद्रच्या खोलीत खिडकीपाशी बसला. टोकाला टोक लावलं. मी गप्प. मग त्याने ते केलं जे आजवर कोणी केलं नव्हतं. पिना काढल्या आणि माझ्या भोकांत मोबाइलचा उजेड पाडला. भूमिकाच्या कान साफ करायच्या काडीचा कापूस आत फिरवला. काडी बाहेर आली ती पिवळी आणि लाल.

स्वप्नील हसत घरच्या अहिराणीत म्हणाला, “ताई, याले हयद कोनी लाई? लगीन शे का यानं?”

लग्नाच्या या थट्टेला कोणी हसलं नाही. शेवंताआजी दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याने आणखी दोन काड्या फिरवल्या, पिना दाबल्या, टोकाला टोक लावलं. मी वाजलो. इतक्या महिन्यांनी वाजलो, आणि मित्रांनो, मी वाजलो नसतो तर बरं झालं असतं.

“हा तर चांगला आहे, ताई. याला काहीच झालेलं नव्हतं. नुसती हळद.” मग तो अंगणात गेला आणि मागच्या दिव्याच्या काळ्या तारेला त्याने माझी टोकं लावली. तार हलवली. टीं. तुटलं. टीं. तुटलं. “हे बघ. काळी तार सैल. हे तर याने एका मिनिटात सांगितलं असतं.”

शेवंताआजींनी चहा खिडकीत ठेवला आणि आत गेल्या. कप तिथेच निवला. ती हळद कोणी लावली होती, ते स्वप्नीलला नंतर कळलं. मग तो संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला गेला.

तेव्हापासून मी हितेंद्रच्या खिडकीत आहे. इथून सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी वरण पांढरं झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. भाजी पांढरी, पिठलं पांढरं. हितेंद्रने ताट पाहून विचारलं, “आई, हळद संपली का?” मेघा उठून डबा बघायला गेली. डबा भरलेला होता.

शेवंताआजी मुलाच्या खोलीत येईनाशा झाल्या. ताट उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, मेघा आत न्यायची. भूमिका पळत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारायची तेव्हा त्या दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायच्या. “माह्या हाताले लागू नको, माय,” एवढंच म्हणायच्या. भूमिकाला तो खेळ वाटायचा. तीही हात मागे धरून उभी राहायची आणि हसायची.

एका दुपारी मेघाने त्यांना उंबऱ्यावर बसवलं.

“आई, ऐका. दुकानदाराने मला सांगितलं होतं, भोकांत पाणी जाऊ देऊ नका. मला. तुम्हाला नाही. आणि पूजेच्या दिवशी मी बघत होते. मला आठवलं होतं, मी बोलले नाही. चूक झाली असेल तर माझी.”

शेवंताआजींनी हात पदराखाली घेतले. “मले बरं वाटावं म्हनून बोलते तू, पोरी. शिकेल आहे न तू. तुले कोनी सांगतलं असतं, तं तू इसरली नसती.”

“मी विसरले, आई. खरंच विसरले.”

“देव तुह्यं भलं करो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एक अक्षर खरं मानलं नाही.

खोलीतून हितेंद्र मोठ्याने बोलला. “आई, मीच रोज थाप मारत होतो त्या दिव्यावर. मीटर चांगला असता तरी मी कुठे मोजणार होतो?”

“तू दर रविवारी मोजत होता, हितू,” आजी म्हणाल्या.

मी साक्षीदार आहे. तो दर रविवारी मोजत होता.

सकाळी फिजिओथेरपीच्या बाई येतात. त्या हितेंद्रच्या तळपायाला टाचणी टोचतात आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. “इथे कळतंय? इथे?” मग घोट्याला, मग पोटरीला. मला ही तपासणी ओळखीची आहे. एक टोक इकडे लावायचं, एक तिकडे, आणि मधली तार सलग आहे का ते ऐकायचं. मी खिडकीतून कान देऊन असतो. पायांकडून काही वाजत नाही. बाई टाचणी पुसून ठेवतात आणि म्हणतात, करत राहू. मेघा मान हलवते. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते आणि बराच वेळ बंद करत नाही.

तिने शेवंताआजींसाठीही पुष्कळ केलं. दिपमाला वहिनींना बोलावलं, त्यांनी गप्पा मारल्या. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात असं होतं, वेळ द्या. शेवटी बोदवडहून आबा आले आणि म्हणाले, जागा बदलली तर बरं वाटेल. आजी निघाल्या त्या दिवशी हितेंद्रने आतून हाक मारली, “आई, जाताना भेटून तरी जा.” त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. पदराच्या आत हात गुंडाळलेले. तिथूनच त्याला डोळे भरून पाहिलं, आणि गेल्या.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. कुठलंही मोजमाप करण्याआधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून पाहा. भोकं कोरड्या काडीने साफ ठेवा. गाडीच्या दिव्यावर थाप मारण्यापेक्षा त्याची सैल तार शोधा. मीटर बिघडला असं कोणी म्हणालं, तर फेकण्याआधी आत उजेड पाडून बघा. हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल, आणि ते केल्याने या घरातलं आता काहीही परत येणार नाही.

माझं मागणं दुसरंच आहे.

बोदवडला आबा दिवसभर बागेत असतात. शेवंताआजी घरात एकट्या. मेघा रोज दुपारी फोन लावते, तो वाजून वाजून बंद पडतो. संध्याकाळी आबा उचलतात आणि म्हणतात, आहे, बसली आहे. जेवली का, असं विचारलं की म्हणतात, मी आलो तेव्हा ताट झाकलेलं होतं. मेघाला हितेंद्रला सोडून जाता येत नाही, आणि भूमिका अजून लहान आहे.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूचं असेल, किंवा आजोळी म्हणून बोदवडला जाणार असेल, तर एवढं करा. स्टेशनपासून गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला केळीची बाग आहे. बागेच्या कडेला दोन खोल्यांचं घर आहे. शेवंताबाई कुठे राहतात, असं विचारलं तर कोणीही दाखवेल. दुपारच्या वेळी जा. दारातून हाक मारा आणि पाणी मागा. त्या माठाकडे मान करून म्हणतील, घे बापा तुह्या हातानं. घेऊ नका. उभे राहा. तुमच्या हातचंच प्यायचं आहे, असं म्हणा. त्यांना वेळ लागेल, तरी उभे राहा. आणि झाकलेलं ताट दिसलं, तर त्यांच्यासमोर बसा, त्या जेवेपर्यंत उठू नका, आणि मग मेघाला कळवा.